भाऊजींनी बसवलेली घंटा

आमच्या भाऊजींनी जन्मात जेवढा प्रवास केला तेवढा आमच्या घरात दुसऱ्या कुणी केला नसेल. फक्त तो सगळा उभा झाला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, लिफ्ट दुरुस्त करणारे. सकाळी एका इमारतीत तळघरापासून गच्चीपर्यंत, दुपारी दुसऱ्या इमारतीत गच्चीपासून तळघरापर्यंत, असं त्यांचं आयुष्य गेलं. आडवं जाणं म्हणाल तर घर ते काम आणि काम ते घर. सुट्टीत कुठे जायचा विषय निघाला की ते म्हणायचे, ‘वर-खाली करून दमलोय, आता आणखी कुठे जाऊ?’ आणि विषय तिथेच मिटायचा.

बोलणं आधीच मोजकं. पण त्यांचं एक वाक्य मात्र आमच्या अख्ख्या गोतावळ्याने ऐकलेलं आहे: ‘आत या, नाहीतर बाहेर थांबा. दारात उभं राहू नका.’ लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दारात जरा घुटमळले. आता नव्या नवरीने नाही घुटमळायचं तर कुणी? तर भाऊजी माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हेच. मला इतका राग आला की पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्या ताटात भाजी कमी वाढत होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला सांगितलं. भाऊजी ज्यांच्या हाताखाली काम शिकले ते त्यांचे उस्ताद एकदा लिफ्टच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून कुणाशी तरी गप्पा मारत उभे होते. लिफ्ट हलली. उस्ताद वाचले, पण पायाची बोटं गेली. भाऊजी तेव्हा शेजारीच होते. हे ऐकल्यावर मी भाजी नीट वाढायला लागले, पण दारात उभं राहायची सवय काही सोडली नाही.

त्यांचं लग्न जमलं नाही. का, ते मला माहीत नाही आणि विचारायची सोयही नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत ते राहतात. खोलीत जे जे आहे ते कुठल्या ना कुठल्या मोडीत निघालेल्या लिफ्टमधून आलेलं. आरसा लिफ्टचा, बसायचं स्टूल लिफ्टमनचं, कपाटाची पितळी मूठ तीही लिफ्टचीच. भिंतीवर पत्र्याची पाटी आहे, ‘कमाल भार सहा माणसे’. त्या खोलीत मी एका वेळी तीनपेक्षा जास्त माणसं कधी पाहिलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लिफ्ट मध्येच बंद पडली की माणसं आत अडकतात, आणि त्यांना बाहेर काढणं हे भाऊजींचं काम. एरवी विचारलं तेवढंच बोलणारा हा माणूस तेव्हा बंद दाराला तोंड लावून बोलत बसायचा. काय म्हणून हाक मारू, ते आधी विचारायचं. मग म्हणायचं, मी इथेच आहे. आता वर जाऊन यंत्राला हात घालणार आहे, जरा हिसका बसेल, घाबरू नका, मी परत येतोय. आला हिसका? हं, आता थोडंच राहिलंय. अशी कितीतरी माणसं त्यांनी शांतपणे बाहेर काढली आणि नंतर रस्त्यात भेटली तर ओळखही दाखवली नाही.

आता गाडीकडे येते. मी कपडे अल्टर करायचं दुकान चालवत होते. ते बंद केलं आणि हे नोकरीतून सुटले, तेव्हा आम्ही दोघांनी एक कॅम्पर व्हॅन घेतली. मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, गॅसची बाटली, आणि छप्पर वर उचललं की सरळ उभं राहता येतं. पडदे आणि गादीच्या खोळी मी स्वतः शिवल्या. अशा गाड्या मुक्कामाला लावायचे तळ असतात. तिथे प्रत्येक जागेजवळ विजेचा खांब असतो, त्यात आपली केबल खुपसायची की गाडीत दिवे. ह्यांची नजर अधू होती, म्हणून चाक माझ्याकडे आणि चक्कर ह्यांच्याकडे. निघायच्या आधी हे गाडीभोवती फेरी मारायचे. केबल काढली का, छप्पर खाली घेतलं का, गॅसच्या कपाटाचं दार लावलं का, बाजूच्या दाराची विजेवर चालणारी पायरी आत गेली का. सगळं बघून झालं की गाडीच्या पाठीवर दोन थापा मारायचे. थापा ऐकल्या की मी गाडी सोडायची. आमचं इतकं बिनबोभाट चालायचं की त्याला कधी नाव द्यावं लागलं नाही.

हे गेले. थापा बंद झाल्या. मी मात्र जुन्या सवयीने चाकामागे बसायची आणि निघायची. पहिल्याच फेरीत केबल तशीच ठेवून निघाले. विजेच्या खांबाचं तोंड केबलसकट उपटून आलं, अख्ख्या तळाचे दिवे गेले, आणि सकाळच्या कॉफीला मुकलेली माणसं पायजम्यात बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. दुसऱ्यांदा पायरी आत घ्यायला विसरले आणि आमच्याच रस्त्यावरच्या एका निवृत्त बँकवाल्यांच्या कुंड्या एका ओळीत आडव्या केल्या. ते बिचारे मुकाट्याने माती गोळा करायला लागले. पण हे सगळं फोनवरून आमच्या चिरंजिवांच्या कानावर गेलं. चिरंजीव दुसऱ्या गावात नोकरीला असतात आणि तिथून काळजी करतात. त्यांनी फर्मान काढलं, आई, गाडी विकायची.

मी तसं लगेच ऐकणारी बाई नाही. त्यातून तेव्हा माझ्या ताईचा फोन येऊन गेला होता. ताई माझी सख्खी मोठी बहीण, लांबच्या गावी लेकीकडे असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातल्या घरात वॉकर धरून चालते, पण साध्या मोटारीत बसायचं तर वाकावं लागतं, आणि वाकणं तिला जमत नाही. त्यामुळे मोडलेलं हाड जुळलं तरी ती घराबाहेर पडली नव्हती. फोनवर तिने नेहमीची चौकशी केली, जेवलीस का, गुडघे कसे आहेत, आणि मग अगदी सहज विचारलं, ‘तुझी ती गाडी नदीपर्यंत जाते का गं?’ लहानपणी आम्ही दोघी त्या नदीवर पडलेल्या असायचो. ताईने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, उलट माझ्या फ्रॉकांपासून माझ्या भांडणांपर्यंत सगळं तिनेच निस्तरलं. आमच्या व्हॅनमध्ये वाकावं लागत नाही. खालची पायरी, वर एक पाऊल, आणि सरळ आत. मी म्हटलं, जाते ताई, नदीपर्यंत जाते.

मग चिरंजिवांशी कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तोडगा निघाला तो भाऊजींवर. काका गाडी बघेल, काय बसवायचं ते बसवेल, आणि काकाने हमी दिली तर जा. नाही दिली तर गाडी विकायची आणि पुन्हा वाद घालायचा नाही. मी शब्द दिला. भाऊजी आपलेच आहेत, असा माझा हिशेब होता.

भाऊजींनी दुकानातून एक यंत्र आणलं. साबणाच्या डबीएवढी पेटी, तिच्यावर चार छोटे लाल दिवे. पायरी, केबल, छप्पर आणि गॅसचं कपाट या चार ठिकाणांहून वायरी त्या पेटीत यायच्या. गाडीची किल्ली फिरवली आणि चारातलं काही विसरलेलं असलं की त्याचा दिवा लागायचा आणि पेटी किंचाळायची. भाऊजी रोज सकाळी यायचे, गाडीखाली सतरंजी घालून आडवे व्हायचे आणि जेवायच्या वेळेला बाहेर निघायचे. पायरीला एक चुंबक, गाडीच्या सांगाड्याला त्याची जोडीची डबी. दोघं समोरासमोर आले की पायरी आत गेली असं पेटीला कळणार. प्रत्येक वायर जोडली की ते ती ओढून बघत, मग दुसरीकडे जाता जाता परत येऊन पुन्हा ओढून बघत. मी म्हटलं, अहो, ती वायर आहे, बैल नाही. ते हसले नाहीत, पण पुढची वायर जरा हळू ओढली.

सगळं जोडून झालं, पेटी छान किंचाळली, मी खूश झाले. भाऊजी मात्र नाराज दिसले. हे यंत्र नुसतं ओरडतं, असं त्यांचं म्हणणं. ओरडल्यावर मी थांबणारच की, मी म्हटलं. ‘नाही थांबलात तर?’ ते म्हणाले, आणि मग त्यांनी मला लिफ्टची गोष्ट सांगितली. लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या दाराला एक स्विच असतो आणि ते सगळे एका साखळीत असतात. एक दार जरी उघडं राहिलं तरी साखळी तुटते, आणि साखळी तुटली की लिफ्ट जागची हलत नाही. चालू असली तर जागच्या जागी थांबते. कुणाच्या लक्षात असण्या-नसण्यावर काही सोडलेलं नसतं. भाऊजी इतकं सलग बोलले याचंच मला एवढं कौतुक वाटलं की मी मान डोलावली. दोन दिवसांत त्यांनी गाडीच्या इंजिनाची वायर कापली आणि मध्ये आपली साखळी घातली. आता केबल लावलेली असली तर गाडी सुरूच होत नव्हती. मी मुद्दाम सगळ्या प्रकारे विसरून बघितलं. गाडी ढिम्म. भाऊजींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा उघड समाधान पाहिलं.

चक्कर मारून यायचं म्हणून आम्ही दोघं निघालो. शेजारच्या सीटवर हे बसायचे, तिथे भाऊजी बसले. रस्त्यात एक गतिरोधक लागला, गाडी जरा आपटली. पुढे उड्डाणपुलाचा चढ. पाठीमागे एक टँकर. चढाच्या मध्यावर पेटी किंचाळली आणि त्याच क्षणी इंजिन मेलं. चाक हातात एकदम जड झालं, ब्रेकचं पायडल कडक झालं, आणि आरशात त्या टँकरचं तोंड मोठं होत गेलं. काय करायचं असतं ते डोक्यातून पार पुसून गेलं.

‘वहिनी,’ भाऊजी म्हणाले, अगदी हळू, ‘मी इथेच आहे. चाक दोन्ही हातांनी कडेला ओढा. जड लागेल, लागू द्या. हं. आता ब्रेक, पूर्ण जोर लावून. आता हातब्रेक.’

मी तसं केलं. टँकर भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की गाडी हलली. मग पुलावर वारा तेवढा ऐकू येत होता. भाऊजी उतरले, लाल त्रिकोण मागे ठेवून आले आणि पायरीपाशी वाकले. गतिरोधकाच्या धक्क्याने चुंबक नखभर सरकलं होतं, एवढंच. पायरी आतच होती. पण साखळी तुटली, आणि साखळीने तेच केलं जे तिला शिकवलं होतं.

ते कठड्याला टेकून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. ‘लिफ्टमध्ये थांबलं म्हणजे वाचलं,’ ते म्हणाले. ‘मी तेच धरून बसलो. इथे थांबलं म्हणजे...’

मी घाबरले की मला राग येतो. मी त्यांना तिथेच झापलं. कापड कापायच्या आधी कच्चा दोरा घालून अंगाला लावून बघतात, तुम्ही सरळ कात्री चालवलीत, वगैरे. मग त्यांनी आपली साखळी वगळून इंजिनाच्या वायरी तात्पुरत्या परत जोडल्या, मी अगदी हळूहळू गाडी घरी आणली, आणि ते हत्यारं गाडीतच टाकून निघून गेले.

ते आलेच नाहीत. रोज सकाळी सतरंजीवर आडवा होणारा माणूस दिसेना तेव्हा मला चैन पडेना. हे गेल्यापासून दर आठवड्याला येऊन नळ, गॅस, दाराच्या कड्या बघून जाणारे भाऊजीच. येत, बघत, चहा घेत, जात. दुःखाबद्दल एक शब्द ते कधी बोलले नाहीत, पण त्या सगळ्या काळात माझ्या घरातला एक नळ गळला नाही. त्याची किंमत मला तेव्हाही कळत होती. शेवटी मीच त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडं होतं. मी मुद्दाम उंबऱ्यावर उभी राहिले.

‘आत या, नाहीतर बाहेर थांबा,’ स्टुलावर बसलेले भाऊजी मान वर न करता म्हणाले. मग मी आहे हे बघून उठले.

मी आत गेले. ते म्हणाले, ‘वहिनी, गाडी विकून टाका. मी हमी देऊ शकत नाही.’

‘कुणाची? गाडीची का माझी?’

‘माझी,’ ते म्हणाले.

मला तिथे रडू येईल असं वाटलं नव्हतं. आलं. एकीकडे ताई नदीची वाट बघत बसली होती, आणि दुसरीकडे ज्यांच्यावर मी सगळी भिस्त ठेवली ते हात वर करून बसले होते. मी त्यांना म्हटलं, ‘भाऊजी, मला सगळे अडवतात. मुलगा अडवतो, शेजारी अडवतात, आणि तुम्ही तर इंजिनातच साखळी घातलीत. हे असताना मला कधी कुणी अडवलं नाही. हे फक्त सांगायचे. केबल राहिली, पायरी राहिली, आता जा. मला तेवढंच हवंय. मला सांगा, पण अडवू नका.’

ते फळीपाशी गेले. मग म्हणाले, ‘त्या पेटीचा आवाज फार कर्कश आहे. दचकून तुम्ही भलतंच काही कराल.’ आणि फळीवरचं एक खोकं खाली काढलं. त्यात एक लिफ्टची घंटा होती, मजला आला की वाजते ती. त्यांनी बोटाने टकटक केलं. टंग. आवाज असा की माणूस दचकत नाही, पण मान वर करतो. मी डोळे पुसले आणि म्हटलं, हीच बसवा.

पुढचे काही दिवस आम्ही माझ्या पद्धतीने काम केलं. आधी कच्चा दोरा. भाऊजींनी इंजिनाची कापलेली वायर कायमची अखंड केली आणि आपली साखळी उपटून काढली. पेटीतली किंचाळणारी चकती काढून तिथे घंटा लावली. सगळ्या वायरी आधी नुसत्या चिकटपट्टीने लटकवल्या, आणि मी मंडईमागच्या मोकळ्या रस्त्यावर, गतिरोधकांवरून गाडी आपटत नेली. चुंबक सरकेनासं झाल्यावरच त्यांनी ते पक्कं बसवलं. आता गाडी चालू असताना काहीही बिनसलं तरी घंटा वाजायची, दिवा लागायचा, आणि इंजिन आपलं चालत राहायचं. मी माझ्या सोयीने कडेला घ्यायची. एक मात्र माझ्या लक्षात आलं. त्या पुलानंतर भाऊजी गाडीत बसले नव्हते. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून कान देऊन ऐकायचे, मी परत आले की वाकून बघायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत.

मग त्यांनी माझ्या घरून चिरंजिवांना फोन केला. मी शेजारी बसले होते. झालं ते सगळं त्यांनी आपणहून सांगितलं. पूल, टँकर, साखळी. चूक माझी होती, गाडीची नाही, आणि तुझ्या आईची तर मुळीच नाही, असंही म्हणाले. मला मनातून वाटलं, भाऊजी, इतकं खरं बोलायची काही गरज होती का? पण ते तसेच आहेत, आणि तसे आहेत म्हणूनच त्यांच्या हमीला अर्थ होता. चिरंजिवांनी सगळं ऐकून एकच विचारलं, ‘काका, तू स्वतः बसशील का त्या गाडीत?’

भाऊजींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. ‘सकाळी सांगतो,’ म्हणाले आणि गेले.

सकाळी माझी सगळी तयारी झाली होती. पाणी भरलं, ताईसाठी मऊ उशी घेतली, केबल काढली, छप्पर खाली घेतलं, बाजूच्या दाराने सामान आत टाकलं. भाऊजींचा पत्ता नव्हता. घरात बसवेना, म्हणून मी चाकामागे जाऊन बसले. समोर रस्ता मोकळा होता. बँकवाल्यांनी कुंड्या उचलून गच्चीवर नेल्या होत्या. शब्द दिला नसता तर निघाले असते, पण शब्द दिला होता. भाऊजी आले नाहीत तर घरात जाऊन ताईला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले. हाताला चाळा म्हणून किल्ली फिरवली.

टंग.

पायरीचा लाल दिवा लागला होता. मी स्वतःशीच चडफडले, सामान टाकताना पायरी बाहेर काढली ती तशीच राहिली होती. आत घ्यायला म्हणून मागे गेले, बाजूचं दार उघडंच होतं, आणि पायरीवर भाऊजी. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर, हातात एक जुनी हँडबॅग, दाढी घोटून केलेली. कधीपासून उभे होते कोण जाणे.

‘वाजली ना?’ त्यांनी विचारलं.

‘वाजली. विसरले होते मी.’

ते तसेच उभे. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात. मी आयुष्यभर ज्या संधीची वाट बघत होते ती अशी समोर उभी होती, पण तेव्हा मला हसू आलं नाही, त्या माणसाबद्दल फक्त माया दाटून आली.

‘भाऊजी,’ मी म्हटलं, ‘आत या, नाहीतर बाहेर थांबा. दारात उभं राहू नका.’

त्यांनी एकदा पायरीकडे पाहिलं आणि चढले. पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मग माझा फोन मागून घेतला आणि पुतण्याला एवढंच सांगितलं, ‘बसलोय.’

रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. शेतं, टेकड्या, तारांवर बसलेले पक्षी. एकदा म्हणाले, ‘सपाट आहे सगळं.’ तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही.

ताई दारात वॉकर धरून तयार होती. नवी साडी नेसून, केस नीट विंचरून. मी गडबडीने तिला गाडीपाशी आणलं. भाऊजींनी पायरी बाहेर काढली, ताईच्या कोपराला हात दिला, आणि मी पळत जाऊन चाकामागे बसले. ऊन उतरायच्या आत नदीवर पोचायचं होतं. मी किल्ली फिरवली. टंग.

मागे वळून बघितलं. ताई पायरीवर चढली होती. एक हात भाऊजींच्या हातात, दुसरा दाराच्या चौकटीवर. आत येत नव्हती. घराकडे पाठ करून रस्त्याकडे, झाडांकडे, त्या उघड्या आभाळाकडे बघत उभी होती. चेहऱ्यावर ऊन आलं होतं आणि तिने डोळे मिटले नव्हते. घंटा आपली मधूनमधून वाजत होती. टंग. टंग.

मी भाऊजींकडे बघितलं. आता ते वाक्य येणार, हे मला आणि अख्ख्या गोतावळ्याला माहीत होतं.

त्यांनी ताईचा हात जरा घट्ट धरला.

‘वाजू द्या, वहिनी,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘त्यांना उभं राहू द्या.’

मी किल्ली मागे फिरवली, आणि चाकावर हात ठेवून बसून राहिले.